हार्वर्डमधील धर्मानंद

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक गोमंतकीय गृहस्थ येऊन दाखल झाले. वय अवघे ३३. नावापुढे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, इंग्रजी शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते आणि गावच्या मराठी शाळेतले शिक्षणही धड पुरे झालेले नव्हते. तरीही पाली भाषेतील एका दुर्घट ग्रंथाचे संपादन अडून पडले होते आणि ते मार्गी लावू शकेल असा माणूस म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. हे गृहस्थ म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

बौद्ध धर्माचे अभ्यासक, ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते, गांधीजींच्या सहवासातले एक तपस्वी, अशी धर्मानंदांची ओळख मराठी वाचकाला आहे. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील पायपीट आणि उपासमार अनेकांनी वाचलेली असते. परंतु चार वेळा अमेरिकेस जाऊन, वर्षानुवर्षे इंग्रजी विद्यापीठात काम करून, हा माणूस आपल्या भाषांसह परत कसा येत राहिला, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. परदेशातील एखाद्या वर्षातच घरची भाषा गंजू लागते, आधी मेहनतीने कमावलेली दुसरी-तिसरी भाषा विरून जाते, हा अनुभव आज घरोघरीचा आहे. धर्मानंदांच्या बाबतीत उलटे घडले. प्रत्येक फेरीनंतर त्यांच्याजवळच्या भाषा वाढल्या, आणि मराठी तर अधिक कामाला लागली.

त्याचे मूळ शोधायचे तर गोव्यातल्या साष्टी प्रांतातील साखवाळ या गावी जावे लागते. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी तिथे धर्मानंदांचा जन्म झाला. घरी नारळीची बागायत. मुलगा प्रकृतीने अशक्त, आणि हुशार म्हणून कोणाच्या नजरेत भरावा असाही नव्हता. थोडी मराठी शाळा झाली आणि पुढे बागेची राखण, नारळांचा हिशोब हाच उद्योग नशिबी आला. राज्य पोर्तुगीजांचे, बोलणे कोकणीत आणि वाचन मराठीत, अशी त्या काळच्या कितीतरी गोमंतकीय घरांची रीत होती. या मुलाच्या हाती तुकोबांची गाथा आली आणि पुढे ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र आले. विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी चालवलेल्या त्या मासिकातल्या काही पानांनी बागेतल्या या तरुणाचे सगळे आयुष्य फिरवले. बुद्धाचे वचन मुळातून वाचायचे, हा ध्यास तिथून लागला. ते वचन ज्या भाषेत आहे ती भाषा गोव्यात कोणी शिकवत नव्हते. तिचे नावही कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. संसार सोडून ज्ञानाच्या शोधात निघालेल्या पुरुषाची कथा आपल्याकडे नेहमी कौतुकाने सांगितली जाते. बाळाबाईंच्या वाट्याला त्या वर्षांत काय आले असेल, याचा हिशोब त्या कौतुकात सहसा धरला जात नाही. तो इथे निदान नोंदवून पुढे जायला हवे.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत हवे, म्हणून ग्वाल्हेरच्या वाटेने काशी गाठली. तिथे अन्नछत्रात जेवून व्याकरणाचा अभ्यास केला. पुढे नेपाळ पाहिला आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेत समजले की खरे पाली शिक्षण सिंहलद्वीपात मिळते. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोहोचले. तिथले प्रमुख सुमंगलाचार्य हे त्या काळचे मान्यवर पाली पंडित. त्यांच्या हाताखाली धर्मानंद श्रामणेर झाले आणि पाली शिकले. त्यानंतर ब्रह्मदेशातील विहारांत राहून त्यांनी तिथली पाठपरंपरा आणि ध्यानाची रीत जवळून पाहिली.

या भटकंतीत एक गोष्ट त्यांना अंगवळणी पडली, आणि पुढे हार्वर्डमध्ये तीच उपयोगी आली. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात तिथल्या गोल वळणाच्या अक्षरांत, युरोपातले विद्वान ती रोमन अक्षरांत छापतात. एकच सूत्र तीन देशांत तीन वेशांत भेटते. धर्मानंदांना देवनागरी घरची. सिंहली आणि ब्रह्मदेशी लिप्या त्यांनी भिक्षूंच्या शेजारी बसून आत्मसात केल्या. शब्द कानाने ओळखायचा आणि डोळ्यांनी मग कोणत्याही लिपीत शोधायचा, अशी ती शिकण्याची पद्धत होती. विहारात पाठांतराला मान होता. पाठ असलेला मजकूर लिपी बदलल्याने परका होत नाही.

इंग्रजीचे मात्र तसे नव्हते. ती त्यांनी वयात आल्यावर, शाळेबाहेर, गरजेपुरती मिळवली.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीतून निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. पगार बरा होता, आशुतोष मुखर्जींसारखे कुलगुरू त्यांच्या पाठीशी होते. तिथेच राहिले असते तर आयुष्य सुखाचे गेले असते. पण आपण जे शिकलो ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचे, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ती ओळखली. दरमहा ५० रुपये मिळतील. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच अट. कलकत्त्याच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी होती. धर्मानंदांनी ती स्वीकारली आणि कलकत्ता सोडले. बडोद्यात त्यांनी दिलेली मराठी व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने आली. एका मराठी संस्थानिकाने गोव्यातल्या एका पदवीहीन माणसाला केवळ मराठीत लिहिता यावे म्हणून पोसावे, ही गोष्ट बडोद्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिण्यासारखी आहे.

त्याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स भारतात आले होते. योगसूत्रांचा अभ्यास हे त्यांचे मुख्य काम. बौद्ध तत्त्वज्ञान समजून घेण्यासाठी ते धर्मानंदांकडे शिकले आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी हार्वर्डचे निमंत्रण पाठवले. बडोद्याचे पुस्तक ज्या वर्षी बाहेर पडले त्याच वर्षी धर्मानंद बोटीवर चढले. मागे घरी माणिक अकरा वर्षांची होती आणि दामोदर तीन वर्षांचाही झाला नव्हता.

हार्वर्डमधील काम होते ‘विसुद्धिमग्ग’चे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिंहलातील अनुराधपुरात रचलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन टप्प्यांनी बौद्ध साधनेचा संपूर्ण मार्ग सांगतो. त्याचे २३ परिच्छेद आहेत आणि त्यांत सगळ्या त्रिपिटकाचे सार आले आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने त्याची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली होती. लहानपणी पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने वॉरन जन्मभर अपंग राहिले. तशा अवस्थेत त्यांनी सिंहली आणि ब्रह्मदेशी हस्तलिखिते पडताळून मोठे काम उभे केले, आणि १८९९ च्या जानेवारीत, काम अपुरे असताना, त्यांचे निधन झाले. गोव्यातला तरुण पालीच्या शोधात घराबाहेर पडला तेही हेच वर्ष. वॉरन यांचे स्नेही आणि ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’चे संपादक प्राध्यापक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्या टेबलावर ती बाडे अकरा वर्षे पडून होती.

हस्तलिखित तपासण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला रुक्ष वाटते. चार प्रतींत एकच वाक्य चार प्रकारे असते. सिंहली लिपीत ‘च’ आणि ‘व’ ही अक्षरे एकमेकांच्या फार जवळची, ‘त’ आणि ‘न’ यांचेही तेच. नकलणाऱ्या भिक्षूचा डोळा चुकला की शब्द बदलतो, आणि शब्द बदलला की साधनेतली एखादी पायरीच बदलते. कोणते रूप खरे हे केवळ व्याकरणाने ठरत नाही. विहारात ते वाक्य कसे म्हणतात, त्यावर आचार्य काय सांगतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला ते कळते. लॅनमन संस्कृतचे गाढे पंडित होते, त्यांच्या संस्कृत वाचनमालेवर कितीतरी पिढ्या शिकल्या. परंतु विद्योदयातल्या पाठशाळेत बसण्याचा योग त्यांना आला नव्हता. ती उणीव भरून काढणारा माणूस आता त्यांच्यासमोर होता.

अशा रीतीने धर्मानंदांचा हार्वर्डमधला दिवस भाषांत वाटला गेला. कामाची भाषा पाली, तीही तीन लिप्यांतून. चर्चेची भाषा इंग्रजी. व्याकरणाचा किंवा व्युत्पत्तीचा प्रश्न आला की लॅनमन आणि धर्मानंद या दोघांनाही सारखीच जवळची भाषा म्हणजे संस्कृत. आणि समुद्रापलीकडे कोकणी-मराठीतले घर. यांतली एकही भाषा त्यांनी केवळ विसरू नये म्हणून वेळ काढून उजळवत ठेवली होती असे दिसत नाही. प्रत्येकीला तिचे काम होते. पाली सुटली तर नोकरी सुटणार होती. इंग्रजीशिवाय दिवस चालत नव्हता. मराठीचे काम मात्र त्या गावात कोणी दिलेले नव्हते. ते त्यांनी स्वतःच स्वतःवर लादून घेतले होते, आणि त्याचा वाचक दहा हजार मैलांवर होता.

याच मुक्कामात त्यांनी समाजशास्त्र आणि समाजवाद यांवरील पुस्तके वाचायला सुरुवात केली. हे वाचन इंग्रजीतले, पण त्याचे फळ पुढे मराठीत उतरले. बुद्धाच्या काळातील गणराज्ये, शेती, वर्ण आणि श्रम यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या वाचनाने तयार झाली. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा १९३५ सालचा ग्रंथ त्याची साक्ष देतो. एका भाषेत मिळालेले दुसऱ्या भाषेत नेऊन द्यायचे, ही त्यांची सवय इथे पक्की झाली असावी. परक्या भाषेत वाचलेला विचार मायबोलीत मांडायला बसले की तो खरोखर समजला आहे की नाही हे लगेच उघडे पडते. धर्मानंदांचे मराठी गद्य म्हणूनच इतके निर्मळ आहे. पारिभाषिक शब्दांमागे लपण्याची सोय त्यांनी स्वतःला कधी ठेवली नाही.

मग वाद झाला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे यावे, हा तो वाद. लॅनमन यांच्या मनात हा ग्रंथ वॉरनचे स्मारक होता. वॉरन त्यांचे जिवलग, ग्रंथमालेला पैसाही वॉरनचाच. मृत मित्राच्या श्रमाचे श्रेय उणे होऊ नये असे त्यांना वाटणे माणुसकीला धरून होते. दुसरीकडे ओळ न् ओळ तपासणारा माणूस जिवंत होता, समोर बसला होता, आणि आपण केवळ मदतनीस नाही हे त्याला ठाऊक होते. धर्मानंद पडते घेणाऱ्यांतले नव्हते. वुड्स यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, पण जमले नाही. १९१२ च्या आरंभी काम अर्धवट टाकून धर्मानंद परत निघाले.

वादात कोण किती चुकले हे आज शंभर वर्षांनी ठरवणे सोपे नाही, आणि त्यात फारसे हशीलही नाही. परंतु हा नुसता अहंकाराचा झगडा नव्हता. पौर्वात्य ग्रंथांच्या पाश्चात्त्य आवृत्त्यांमागे कितीतरी शास्त्री, पंडित, भिक्षू यांचे श्रम गाडले गेले आहेत. प्रस्तावनेतल्या आभाराच्या एका ओळीत त्यांची बोळवण झाली, काहींची तीही नाही. धर्मानंदांनी ती ओळ नाकारली. खिशात पदवी नसलेल्या, परदेशी विद्यापीठाच्या पगारावर असलेल्या माणसाने ती नाकारावी याला धैर्य लागते.

परतल्यावर ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू व्हावा यासाठी भांडारकर आणि धर्मानंद दोघेही खटपट करत होते. १९१२ ते १९१८ या सहा वर्षांत तिला पुण्यात फळ आले. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी याच काळातले. पुढे बापटही हार्वर्डला गेले आणि ‘विसुद्धिमग्ग’ व ‘विमुत्तिमग्ग’ यांच्या तौलनिक अभ्यासावर त्यांनी तिथली डॉक्टरेट मिळवली. गुरूला जी पदवी नव्हती ती शिष्याने त्याच विद्यापीठातून, त्याच ग्रंथावर आणली. धर्मानंदांचा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ मध्ये आला. अमेरिकेतून येऊन दोनच वर्षे झाली होती, पण त्या पुस्तकातील मराठीवर परदेशाचा डाग नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने संध्याकाळी ओसरीवर बसून गोष्ट सांगावी, असा तिचा सूर आहे.

१९१८ मध्ये हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. लॅनमन यांना काम पुरे व्हायला हवे होते, धर्मानंदांनाही ते हवेच होते. या वेळी ते एकटे गेले नाहीत. माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते.

आता भाषांचा प्रश्न वेगळाच झाला. तेहतिसाव्या वर्षी परदेशी गेलेल्या माणसाची मायबोली पक्की झालेली असते. तिच्यावर इंग्रजीचे कितीही थर चढले तरी खालची जमीन सरकत नाही. अकराव्या वर्षाचे मूल तसे नसते. दामोदर केंब्रिज गावातल्या शाळेत गेला, पुढे तिथल्या हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये दाखल झाला, बॉय स्काउट झाला, अमेरिकन मुलांत मिसळून गेला. माणिकने रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. घराच्या आत गोवा, दाराबाहेर मॅसॅच्युसेट्स. शेजारी हार्वर्डमधले स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक लिओ वीनर यांचे घराणे, ज्यांचे चिरंजीव नॉर्बर्ट वीनर पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले. लिओ वीनर यांना स्वतःला कितीतरी भाषा येत. अनेक भाषा येणे हे त्या वर्तुळात कोणाला अचंब्याचे वाटत नव्हते. धर्मानंदांनीही हार्वर्डच्या वास्तव्यात आणखी एक भाषा हाती घेतली, ती रशियन. चाळिशी ओलांडलेला, पाली-संस्कृतातला पंडित नव्या लिपीची अक्षरे गिरवू लागला. मार्क्सवादाविषयी वाढलेले कुतूहल हे त्यामागचे कारण. इथेही भाषा आली ती कामाचा हात धरूनच.

‘विसुद्धिमग्ग’चे घोडे मात्र पुन्हा तिथेच अडले. १९२२ साली धर्मानंद दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतले. मधल्या काळात, १९२० आणि १९२१ मध्ये, लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी संपादित केलेली ‘विसुद्धिमग्ग’ची स्वतंत्र आवृत्ती छापूनही टाकली. हार्वर्डमध्ये नावाचा वाद चालू असताना ग्रंथ दुसरीकडून जगापुढे आला.

यानंतरची वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातली. तिथल्या पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय आणि पंडित सुखलाल यांच्यासारख्या जैन विद्वानांची संगत लाभली. त्यांची पुस्तके गुजरातीतही निघू लागली. मराठीतले ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९२६-२७ मध्ये तिसरी अमेरिकावारी झाली. या खेपेस दामोदर हार्वर्डमध्ये विद्यार्थी म्हणून रुजू झाले. १९२९ मध्ये लेनिनग्राडच्या बौद्ध विद्येच्या संस्थेत धर्मानंदांनी काही महिने पाली शिकवली आणि तिथे ती हार्वर्डमध्ये शिकलेली रशियन कामाला आली. परत आल्यावर मिठाचा सत्याग्रह, तुरुंगवास. १९३१-३२ मध्ये चौथी आणि अखेरची अमेरिकावारी. लॅनमन तोवर निवृत्त झाले होते. वुड्स अजून होते. या खेपेस ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन एकदाचे पुरे झाले. पहिल्या दिवसापासून बावीस वर्षे लागली.

पुरे झाले म्हणजे छापले गेले असे मात्र नाही. छपाई रखडली. वुड्स १९३५ मध्ये गेले, लॅनमन १९४१ मध्ये. धर्मानंद वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी स्वतःची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. पालीतला हा ग्रंथ आता काशी, पुणे, बडोदे किंवा पणजीतल्या विद्यार्थ्याला रोमन किंवा सिंहली लिपी न शिकता वाचता येणार होता. त्यावरची ‘दीपिका’ ही टीका त्यांनी लिहिली ती थेट पालीत, आणि ‘अभिधम्मत्थसंगह’ या ग्रंथावरची ‘नवनीतटीका’ हीदेखील पालीतच. कोलंबोत पंचविसाव्या वर्षी अक्षरओळखीपासून शिकलेल्या भाषेत साठी ओलांडल्यावर टीकाग्रंथ लिहिणे, म्हणजे ती भाषा केवळ वाचनापुरती न राहता बोटांत उतरलेली होती.

कोकणीत त्यांनी ग्रंथरचना केली नाही, ही गोष्टही नोंदवायला हवी. साखवाळचा हा माणूस ज्या भाषेत पहिले शब्द बोलला, ती त्याच्या लेखणीत आली नाही. त्या काळी ज्या गोमंतकीयांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यांतील बहुतेकांचे असेच आहे. कोकणीला घर होते, पण छापील पानावर तिला काम देण्याचे त्यांच्या मनात आले नसावे. भाषांच्या वादात हा मुद्दा कोणीही आपल्या बाजूने ओढू शकेल. धर्मानंदांच्या चरित्रात त्याला तेवढेच स्थान आहे जेवढे त्यांनी दिले.

मराठीत मात्र ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९४०-४१ मध्ये दोन भागांत आला. सिद्धार्थाने रात्री गुपचूप घर सोडले ही लोकप्रिय कथा त्यांनी पाली सूत्रांच्या आधारे बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे आणले, आणि आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत तो बाहेर पडला, असे दाखवून दिले. हे संशोधन त्यांना इंग्रजीत मांडता आले असते. जगभरचे अभ्यासक त्यावर लगेच बोलले असते, त्यांना मोठी कीर्ती मिळाली असती. त्यांनी ते मराठीत लिहिले. पुढे साहित्य अकादमीने या ग्रंथाची भाषांतरे अनेक भारतीय भाषांत करवली, म्हणजे इतर भाषांनाच मराठीकडे यावे लागले. इंग्रजीत न लिहिण्याची किंमतही त्यांनी मोजली. पाश्चात्त्य बौद्ध अभ्यासात त्यांचे नाव त्यांच्या कामाच्या मानाने फार थोड्या ठिकाणी येते. ही किंमत त्यांना माहीत नव्हती असे मानायला जागा नाही. चार वेळा तिकडे जाऊन आलेल्या माणसाला ती नक्कीच माहीत होती.

मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हार्वर्डमध्ये गणिताबरोबर इतिहास आणि भाषांचे वर्गही केले. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या भाषा त्यांनी आपल्याशा केल्या, आणि १९२९ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. पुढे जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांत त्यांचे गणितावरचे निबंध प्रसिद्ध झाले. इतिहासावरील त्यांचे गाजलेले ग्रंथ मात्र इंग्रजीत आहेत. संस्कृत ते वडिलांसारखे अन्नछत्रात जेवून शिकले नाहीत. भर्तृहरीच्या शतकांची संहिता ठरवण्याचा प्रश्न हाती घेतला, आणि तो सोडवता सोडवता भाषा येत गेली. भाषेला काम द्यायचे ही वडिलांची रीत मुलाकडेही आली होती. कोणत्या वाचकासाठी लिहायचे, याचे दोघांचे उत्तर वेगळे होते.

धर्मानंदांनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे प्रायोपवेशन करून देह ठेवला. आपल्या हातून आता काही काम होणार नाही असे वाटल्यावर जैन सल्लेखनेप्रमाणे अन्न सोडायचे त्यांनी ठरवले होते. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी तो बेत मागे घेतला होता, पण विचार बदलला नाही.

तीन वर्षांनी, १९५० मध्ये, हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ अखेर बाहेर पडला. ग्रंथमालेतील तो ४१ वा ग्रंथ. संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आणि त्याखाली, संपादनाचे संशोधन करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी यांचे. त्या आवृत्तीतील परिच्छेदांचे क्रमांक आज जगभरचे अभ्यासक संदर्भासाठी वापरतात. मालेतला पुढचाच, ४२ वा ग्रंथ १९५७ मध्ये आला. विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ हा संस्कृत सुभाषितांचा प्राचीन संग्रह, तिबेटमधील विहारात सापडलेल्या ताडपत्रांवरून सिद्ध केलेला. त्याचे दोन संपादक पुण्याचे. एक होते वा. वि. गोखले, आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी.